नोकरीचा कडू घास

दरवर्षी दिवाळीचा फराळ डब्याच्या तळाला जातो, कारखान्याचा भोंगा वाजतो आणि मला राग येतो.

भोंग्याचा तसा काही दोष नाही. तो माझ्या कारखान्याचाही नव्हे. माझा कारखाना खाली, सांगलीच्या अंगाला. हा आमच्या कराडच्या घराजवळचा, नदीपलीकडचा दुसराच. पण भोंगे सगळे एका भावकीतले असावेत. एक ओरडला की मला सगळ्यांचं ऐकू येतं. मग रस्त्यावर ट्रॅक्टर सुरू होतात. मागे दोन-दोन ट्रेलर, त्यांवर उसाचा डोंगर, आणि ड्रायव्हरच्या डोक्यावर असा काही कर्णा की गाणं पुढच्या गावाला आधी पोचावं आणि ऊस मागून सावकाश. डांबरावर उसाचं वाढं सांडलेलं, त्यात गाई तोंड घालून उभ्या, त्यांच्या मागे एसटीचा हॉर्न. हवेत मळीचा तो आंबट-गोड, किंचित कुजका वास. पाहुणे नाकाला रुमाल लावतात. मी खोल श्वास घेतो आणि मग स्वतःवरच चिडतो. सोडून आलास ना बाबा, मग आता हुंगतोस कशाला?

पण माझा खरा राग वासावर नाही आणि स्वतःवर तर नाहीच. माझ्यावर रागवायचं काम घरातली इतर माणसं नीट करतात. राग आहे तो एका हंगामाचा. मी नोकरी सोडली तो हंगाम. त्या हंगामात माझ्याच माणसांनी मला जिवंतपणी पोचवून आणलं.

मी चीफ केमिस्ट होतो. म्हणजे उसाचा रस आत आला की साखर होऊन पोत्यात पडेपर्यंत त्याचं जे काही बरंवाईट व्हायचं ते माझ्या नजरेखाली. आमचा उतारा चांगला पडायचा. उतारा म्हणजे एवढ्या उसातून एवढी साखर निघाली, हे. साखरेच्या मुलखात माणसाची लायकी त्याच्यावरच ठरते. दुसऱ्या कारखान्यांची माणसं आमच्याकडे बघायला यायची आणि मी त्यांना चष्मा पुसत काही गंभीर गोष्टी सांगायचो. खरं कारण असं की जमीन चांगली होती, पाणी चांगलं होतं आणि पॅनवर रस आटवणारी माणसं माझ्यापेक्षा जुनी होती. पण यशाचं कारण विचारायला कुणी लांबून आलं की रिकाम्या हातानं परत पाठवू नये, म्हणून मी कारण देत असे. मला जीप होती, क्वार्टर होतं, आणि नावापुढं साहेब होतं. आमच्या मूळ गावी म्हसवडला गेलं की त्याचं सायब व्हायचं, आणि ते साहेबापेक्षा मोठं असतं.

हे सगळं मी एका जेवणापायी सोडलं, असं सांगितलं तर कुणाला पटत नाही. मलाही काही दिवशी पटत नाही.

हंगाम संपला की आमच्या पॅन विभागाचं एक जेवण असायचं. एका वर्षी आचारी आलाच नाही. त्याला ऐनवेळी कुठलं तरी मोठं लग्न मिळालं होतं. डाळ भिजलेली, वांगी चिरलेली, माणसं हात धुऊन तयार. मी म्हटलं, मी करतो. आयुष्यभर पाकाची तार बघितलेल्या माणसाला आमटी काय अवघड, असा माझा समज. बाह्या वर केल्या. लोकांनी साहेबाची गंमत म्हणून बघून घेतलं. डाळ-वांग्याची आमटी झाली, पंगत बसली. पॅनवरच्या एका माणसानं भाताचं आळं केलं, आमटी ओतली, पहिला घास घेतला. नुसतं डाव्या कोपरानं शेजारच्याला ढोसलं.

त्या ढोसण्यानं माझं वाटोळं केलं.

कारण त्या क्षणी माझ्या ध्यानात आलं की एवढी वर्षं एवढी साखर केली, पण ती खाताना एकाही माणसाचं तोंड मी बघितलेलं नाही. कुठल्या गावात कुणाच्या चहात विरघळली, कुणाच्या बारशाला वाटली गेली, कुणाला त्यातून मधुमेह झाला, काही पत्ता नाही. पोतं शिवलं की आमचा संबंध संपला. आणि इथं एक माणूस दुसऱ्याला ढोसत होता.

वैशालीला, म्हणजे बायकोला, मी हे पावसाळ्यात सांगितलं. ती शाळेत शिकवते. त्या वेळी घटक चाचणीचे पेपर तपासत होती. मी म्हणालो, "नोकरी सोडून आचारी व्हावं म्हणतो."

तिनं एका पोराचा अर्धा गुण कापला आणि विचारलं, "मग घरचा स्वयंपाकही तूच करणार?"

"हो."

"आजपासून, का राजीनामा मंजूर झाल्यापासून?"

एवढीच चर्चा झाली. तिची शाळा होती, घर बांधून झालं होतं, लेक पुण्यात मिळवती होती, म्हणून मी शूर. हे मी सगळीकडे सांगतो, कारण अशा गोष्टी सांगताना लोक नेमकी तेवढीच बाजू गाळतात.

पण बाकीच्यांनी काय केलं? प्रत्येकानं कारण विचारलं. आणि इथून माझा राग सुरू होतो. मी तिथं इतकी वर्षं काढली, पण तिथं का आहेस, असं मला एकानं कधी विचारलं नाही. राहायला कारण लागत नाही, निघायला लागतं. तेही साधं चालत नाही. घोटाळा हवा, नाहीतर आजार हवा. "तब्येतीचं काय आहे का?" असं विचारताना लोकांच्या डोळ्यांत एक आशा असायची. मी ठणठणीत आहे म्हटल्यावर ते खचायचे. मग आवाज खाली आणून, "वरच्यांशी वाजलं का?" तेही नाही म्हटल्यावर माझ्याकडे असे बघायचे, जणू मी त्यांच्या घरचा चहा पिऊन कपबशी खिशात घातली आहे.

क्वार्टर सोडून आम्ही कराडला आलो आणि थोड्याच दिवसांत, असेच उसाचे ट्रॅक्टर सुरू झालेले असताना, एका सकाळी बबनची जीप दारात थांबली. बबन माझा आतेभाऊ. मी मागच्या अंगणात विटांची चूल मांडून सरावाला बसलो होतो. मागच्या दाराच्या फटीतून बघितलं तर बबनच्या मागून भावकीतले चार म्हातारे उतरले, पांढऱ्या टोप्यांतले. शेवटी तानीआत्या उतरली, माझ्या वडिलांची धाकटी बहीण, बबनची आई. तिच्या कडेवर टोपली, टोपलीवर पांढरं फडकं. कुणी हसेना, कुणी हाक मारेना. आत्या तडक आत गेली आणि शाळेला निघालेल्या वैशालीच्या गळ्यात पडली. म्हातारे ओट्यावर रांगेनं बसले आणि त्यांनी माना खाली घातल्या.

आमच्याकडे ज्या घरात कुणी गेलेलं असतं, त्या घरची चूल त्या दिवशी पेटत नाही. नात्यागोत्यातली माणसं आपापल्या घरून पिठलं-भाकरी करून आणतात आणि रडून दमलेल्यांना बळेबळे चार घास भरवतात. त्याला कडू घास म्हणतात. फार माणुसकीची रीत आहे. माझी तक्रार एवढीच की तिला मयत लागतं.

पांढऱ्या टोप्या आणि फडक्याची टोपली बघून आमची गल्ली कामाला लागली. शेजारचा टीव्ही बंद झाला. कुणीतरी ओट्यापुढची माझी स्कूटर उचलून बाजूला लावली, माणसांना उभं राहायला जागा हवी म्हणून. समोरचे निवृत्त पोस्टमास्तर टोपी घालून आले. मी घराला वळसा घालून पुढे आलो, तोंडाला काजळी, हातात झारा. मास्तरांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला आणि हळू विचारलं, "कोण?"

"मी," मी म्हणालो.

दुःखानं माझी बुद्धी चळली असं त्यांना वाटलं असणार. ते माझा खांदा थोपटत राहिले आणि बबनकडे वळून म्हणाले, "माती किती वाजता?"

आत्या दारात येऊन उभी होती. ती म्हणाली, "झाली की. राजीनामा मंजूर झाला नव्हं का."

मास्तरांनी खांद्यावरचा हात काढला नाही, हे त्यांचं मोठेपण. बाकीची गल्ली मात्र हळूहळू सरकली. टीव्ही पुन्हा लागला. स्कूटर कुणी जागेवर आणून ठेवली नाही.

बबननं मला बाजूला घेतलं. "दादा, राग मानू नगं. मी म्हनलं हुतं आईला, कुनी मेलंय का आपलं? तर म्हनली, मानूस मेलं तर एकाचंच जातंय, ह्येनं समद्यांचं घालवलं."

आत आत्यानं पाट मांडला, मला बसवलं, भाकरीचा तुकडा पिठल्यात बुडवून माझ्या तोंडापुढं धरला. "खा. चार घास खा. गेलेलं काय परत येत न्हाई."

"आत्या, मी मागं आमटी टाकलीय. तुम्हीच सगळी बसा. मी वाढतो."

तिनं घास परत ताटात ठेवला. तिच्या डोळ्यांतलं पाणी एकदम आटलं. "सुदा, तुझ्या हातचं मी खायाची न्हाई. सिद्धनाथाची आण हाय. परत नोकरीवर जाशील, तवा मला जेवाय बोलीव."

म्हातारेही जेवले नाहीत. आमटी गल्लीतल्या कुत्र्यांनी खाल्ली, आणि तीसुद्धा एकमेकांकडे बघत. पिठलं मात्र उत्तम झालं होतं, हे नाकारता येणार नाही. स्वतःच्या सुतकात मी दोन भाकऱ्या खाल्ल्या.

आता याच बबनची गोष्ट घ्या. तो फौजेतून हवालदार होऊन परत आला तेव्हा त्याची चाळिशीही उलटली नव्हती. गावानं उघड्या जीपमधून मिरवणूक काढली. हलगी, गुलाल, शाळेच्या पोरांच्या हातात झेंडे. आत्यानं भाकरतुकडा ओवाळून टाकला. नंतर त्यानं बँकेच्या दारात बंदूक घेऊन उभं राहून बघितलं, मग कोंबड्या पाळल्या, मग कोंबड्या मेल्या, आता गावातल्या पोरांना भरतीसाठी पळवतो. दरवेळी नवा माणूस, आणि दरवेळी गाव म्हणतं, गडी हिमतीचा हाय. आमच्या माणदेशात घरटी फौजी. चाळिशीत पहिलं आयुष्य संपवून दुसरं सुरू करणं आमच्याइतकं कुणाला ठाऊक असेल? पण ते सरकारनं घरी पाठवलं तर. वय झालं म्हणून खुर्चीतून उठवलं तर शाल-नारळ, आणि आपण होऊन उठलं तर पिठलं. बबनवर माझा राग नाही. तो मिरवणुकीच्या फोटोत इतका लाजलेला दिसतो की कुणाला राग यावा? माझा राग हलगीवर आहे. ती माझ्या वेळेला कुठं गेली होती?

दुसऱ्या टोकाला पुण्याचे पाहुणे. ते हलगी वाजवायला तयार होते, पण त्यांचं ऐकून कडू घास बरा वाटायचा. "वा, शेवटी स्वतःला शोधलंत," असं म्हणायचे. मी हरवलो होतो, हे मला कुणी सांगितलंच नव्हतं. "आम्हालाही असंच काहीतरी करायचंय," असं म्हणत ते गाडीत बसायचे आणि आपल्या पोराला इंजिनिअरिंगच्या क्लासला सोडायला वेळेवर पुण्यात पोचायचे. सांगलीच्या एका कॉलेजनं मला भाषणाला बोलावलं. मुलांना स्फूर्ती द्या म्हणाले. मी त्यांना माझ्या पहिल्या लग्नाची आमटी सांगितली. परत बोलावणं आलं नाही.

ते पहिलं लग्न, म्हणजे पहिली मोठी ऑर्डर, माधवनगरला होतं. कारखान्यात सगळं वाफेवर चालतं. व्हॉल्व्ह बंद केला की आच बंद. मी आयुष्यभर व्हॉल्व्ह बंद करायला सांगत आलेला माणूस. आमटी उकळली, मी म्हटलं, बंद करा. माझ्याबरोबर कामाला असलेल्या बायका माझ्याकडे बघायला लागल्या. चुलीला व्हॉल्व्ह नसतो. आम्ही लाकडं ओढली, पण निखारे आपलं काम करत राहिले आणि पातेल्याच्या बुडाशी डाळ धरली. वरची आमटी दुसऱ्या भांड्यात काढली, तरी जळका वास तिच्याबरोबर वरात काढून आला. पंगतीत एकानं घास घेतला, थांबला आणि शेजाऱ्याला म्हणाला, "आचारी नवा हाय वाटतं."

मला बरं वाटलं. चूक झाली, पण निदान माणसानं कारण बरोबर ओळखलं होतं.

शेजारी वळून माझ्याकडे बघत म्हणाला, "नवा कुठला? केस बघ की त्येचं."

जळकं खाल्लेल्या माणसाला काहीही बोलायचा हक्क आहे. पण हे वाक्य मी अजून विसरलेलो नाही. केस पांढरे म्हणजे माणूस नवा असूच शकत नाही. विशीतल्या पोरानं आमटी करपवली तर शिकतोय. मी करपवली तर म्हातारचळ. चुकायची मुभा माणसाला एकदाच मिळते आणि ती त्यानं मिसरूड फुटायच्या आत वापरून टाकायची, हे कुणी ठरवलं? मी घरी आलो तो करपलेलं पातेलं घेऊनच. अंगणात बसून नारळाच्या शेंडीनं घासलं. वैशालीनं खिडकीतून बघितलं आणि विचारलं, "साहेब, उतारा किती पडला?" तिला असं विचारता येतं. तिनं तपासलेल्या पेपरांतही पोरं पहिल्यांदा नापास होतातच.

पुढं हात बसला. कराड, खाली माधवनगर-सांगली, वर साताऱ्यापर्यंत बोलावणी यायला लागली. पण म्हसवडचं एक घर काही वळेना.

मार्गशीर्षात म्हसवडला सिद्धनाथाच्या रथाची यात्रा भरते. गुलाल आणि खोबरं इतकं उधळलं जातं की घरी आल्यावर कानातून खोबऱ्याचा कीस निघतो. यात्रेला आत्याच्या घरी पाहुण्यांची रीघ. पूर्वी मी जीपमधून उतरलो की ती आधीच्या पाहुण्याला उठवून मला खुर्ची द्यायची. नोकरी सोडली त्या वर्षी मी एसटीनं गेलो. तिनं पाहुण्याला उठवलंच. मला बसवलं आणि साऱ्यांना सांगितलं, "आमचा सायब. रजेवर हाय."

पुढच्या यात्रेला, "रजेवर हाय." त्याच्या पुढच्याही. शेवटी एका पाहुण्यानं विचारलं, "लय दांडगी रजा हाय म्हनायची?"

"मोठ्या मान्साची रजा बी मोठीच असतीया," आत्या म्हणाली.

मी तिरमिरीत उठलो आणि आत स्वयंपाकघराकडे गेलो. तिथं बायका भाकरी थापत होत्या. म्हटलं, एक वेळ मला करू दे, मग आपोआप कळेल हा रजेवर आहे का कामावर. आत्यानं मला उंबऱ्यातच अडवलं. आवाज खाली ठेवून बोलली, पण असं बोलली की थापलेल्या भाकरी तशाच राहिल्या.

"मी तुझ्या मामांसंगं उसाला जात हुते. ठावं हाय का तुला? तुज्याच त्या कारखान्याच्या माळावर आमची ऱ्हायाची कोप हुती. पाचटाची. भायेर तीन दगुड मांडून मी सैपाक करायची, आन् समोरनं सायबाची जीप जायाची. धुरळा भाकरीवर. मी तवा सिद्धनाथाला म्हनलं, ह्या जीपीत आमचं कोनतरी बसू दे. तू बसलास. चुलीम्होरनं उठून तू खुर्चीत बसला हुतास, सुदा. आमी समदी बसलो हुतो. आता तू परत चुलीम्होरं जातुयास, आन् मी खाऊ?"

मामा म्हणजे तिचे यजमान. ते केव्हाच गेले. मला तिचं ऊसतोडीला जाणं ऐकून माहीत होतं. जीप माहीत नव्हती.

या ठिकाणी खरं तर माझा राग विझायला हवा. लेख लिहिणारे विझवतात. माझा वाढला. कारण आता तो कुणावर काढायचा, हेच कळेना. ती म्हणते ते खरं आणि मी म्हणतो तेही खरं. तिनं पोटासाठी फुंकलेली चूल आणि मी हौसेनं मांडलेली चूल एक नव्हे, हे तिला सांगणार कसं? हौस हा शब्दच तिच्यापुढं उच्चारायची मला लाज वाटली. मग मी खुर्चीत जाऊन बसलो आणि रजेवर असल्यासारखा वागलो.

नंतर किती तरी वेळा ती कराडला आली. दवाखान्याला, लग्नाला, बबनच्या पोरीच्या ॲडमिशनला. वैशालीनं केलेलं खायची. मी केलेलं असलं की पिशवीतून फडक्यात बांधलेली शिळी भाकरी आणि चटणी काढायची. मी समोर बसून ताजं गरम जेवायचो आणि ती माझ्याकडे पाठ करून तीळकुटाची चटणी चाटायची. आचाऱ्याच्या घरात याहून मोठा अपमान कुठला? माझ्या हाताखालच्या बायका विचारायच्या, म्हातारीचं पोट बिघडलंय का. मी म्हणायचो, हो.

आणि हा हंगाम. भोंगा वाजला त्याच आठवड्यात आत्याचा मोतीबिंदू काढला, इथं कराडातच. डॉक्टरांनी सांगितलं, वाकायचं नाही, धुरात जायचं नाही, थोडे दिवस इथंच राहा. काळा चष्मा लावून ती ओट्यावर बसते. पलीकडून ट्रॅक्टर गेला की आवाजावरून ओळखते. "भरल्याला हाय," म्हणते, नाहीतर, "मोकळा चाललाय." वैशाली सकाळीच शाळेला जाते, जाताना आत्यासाठी पोळीभाजी झाकून ठेवते. पण सहामाहीच्या निकालाच्या गडबडीत परवा तिला वेळच मिळाला नाही. फडक्यातली भाकरी तर केव्हाच संपली होती. दुपार झाली. मी आत होतो, ती बाहेर होती. मी विचारलं नाही, तिनं मागितलं नाही. आम्ही दोघंही एकाच घरचे.

मग तिनंच हाक मारली. "सुदा, एक इचारू?"

"विचार."

"माझं काय बरंवाईट झालं, तर तेराव्याचं जेवान कोन करनार?"

"बबन बघेल की कुणाला तरी."

"त्यो आनील त्यो आपल्याकडला बाबूराव आचारी. आमटीत नुसता काळा मसाला मारतोय. गाव जेवून घरी जातंय आन् घटाघटा पानी पितंय." तिनं चष्मा सावरला. "तू कर."

मी बाहेर येऊन तिच्यापुढं उभा राहिलो. "मी? माझ्या हातचं तुला चालत नाही ना?"

"मी तवा कुठं खानार हाय? सिद्धनाथाची आन मोडत न्हाई."

"म्हणजे मेल्यावर मी चालतो."

"गावाला चांगलं घालाय पायजे. लोक म्हनत्यात तुझं चांगलं असतंय."

"कोण लोक?"

"हायती लोक. मी इचारलं हुतं."

इतक्या वर्षांत मला कुणी याहून मोठी पावती दिली नाही आणि याहून जास्त कुणी चिडवलंही नाही. मी संतापलो. खरोखर संतापलो. म्हटलं, "आत्या, माझा एक नियम आहे. ज्याची ऑर्डर, त्यानं आधी चव बघायची. आमटी घट्ट की सैल, तिखट किती, गूळ घालायचा की नाही, ते त्याच्या तोंडानं कळलं पाहिजे. नाहीतर मी ऑर्डर घेत नाही. मग बोलाव बाबूरावला."

तिनं काळा चष्मा रस्त्याकडे वळवला. एक ट्रॅक्टर गेला. तो भरलेला की मोकळा, ते तिनं सांगितलं नाही.

"चव बघीन," ती म्हणाली. "जेवनार न्हाई."

"कोण म्हणालं जेव म्हणून?"

डाळ-वांग्याची आमटी सकाळीच टाकलेली होती. मी वाटी भरून आणली, अगदी लहान. तिनं बोट बुडवलं, चाटलं, ओठ मिटून घेतले. मग वाटी तोंडाला लावली. "वरचं वरचं काय कळंना. तळातनं आन." मी तळातनं आणली. "नुसत्या आमटीची कुठं चव लागतीया? भाकरी संगं पायजे." मी गॅसची शेगडी ओट्यावर आणली आणि परातीत पीठ घेतलं. बाप्या माणूस भाकरी थापताना तिनं आयुष्यात पहिल्यांदा बघितला असणार, तोही नव्या डोळ्यानं. "कड जाड राहतीया," ती म्हणाली. भाकरी टम्म फुगली, तेव्हा तिनं ताट पुढं सरकवलं. पहिली भाकरी गेली. "गावात समदी दातांची न्हाईत, म्हातारी बी येनार. भातासंगं बघाय पायजे." भातासंगं बघितली. "गार झाल्याव कशी लागती, ते बी बघून ठिवलं पायजे."

"मीठ?" मी विचारलं.

"एका बारीत काय ठरत न्हाई. आनखी धा-पंदरा बार बघावं लागंल. तेरावा म्हंजी का पोरखेळ हाय?"

तेवढ्यात बबनचा फोन आला. त्यानं विचारलं असणार, जेवलीस का. आत्यानं डाव्या हातानं फोन कानाशी धरला, उजव्या हातानं ताट पुसून घेतलं आणि म्हणाली, "जेवते कुठली? चव बघतीया. व्हय, सुदाची. त्येनं ऑर्डर घेतलीया माझी." मग माझ्याकडे तोंड करून, फोन न ठेवताच, "तळातनं जरा आन की रं. भाकरी हाय का आनखी?"

इतकी वर्षं. इतक्या शिळ्या भाकऱ्या. एवढ्या यात्रा मी खुर्चीत बसून काढल्या, आणि ही म्हणते चव बघतीया. मी रागारागानं परात पुढं ओढली आणि पीठ मळायला घेतलं.